गामा पहिलवान : मेहनत आणि खुराक

वडोदऱ्याच्या सयाजीबागेतील वस्तुसंग्रहालयात एक मोठा दगड ठेवलेला आहे. त्याला ना शिल्पाचे सौंदर्य, ना पुरातत्त्वाचे मोल. तरीही शाळकरी मुलांचा घोळका मूर्ती आणि चित्रे ओलांडून त्याच्याभोवती जमतो. २३ डिसेंबर १९०२ या दिवशी गामा पहिलवानांनी हा दगड उचलला, अशी त्याची ख्याती. त्याचे वजन बाराशे किलो सांगतात. प्रस्तुत लेखक वडोदरेकर असल्यामुळे या दगडाचा अभिमान त्यालाही आहे. परंतु अभिमानाने वजन कमी होत नाही. जमिनीवरचे ५०० किलोचे वजन दोन्ही हातांनी मांड्यांपर्यंत उचलण्याचा पराक्रम जगात प्रथम नोंदला गेला तो २०१६ साली, आणि तोही हाताच्या पकडीसाठी खास घडवलेल्या लोखंडी दांडीच्या साहाय्याने. तेव्हा त्या दगडाची एक कड उचलली गेली असेल, तो छातीशी कवटाळून हलवला गेला असेल, असे मानणे अधिक सयुक्तिक. गामांच्या कीर्तीला त्यामुळे उणेपणा येत नाही. चोवीस वर्षांच्या, साडेपाच फुटांहून किंचित अधिक उंचीच्या एका तरुणाविषयी लोकांना असे काही खरे वाटावे, यातच त्याच्या देहाने पाहणाऱ्यांवर केलेला परिणाम दिसतो. तो देह कसा घडला आणि तो घडवण्याचा खर्च कोणी सोसला, हे येथे पाहावयाचे आहे.

गामांचे पूर्ण नाव गुलाम महंमद बक्ष. जन्म १८७८ सालचा, पंजाबातील अमृतसर जिल्ह्यातला. घराणे काश्मिरी मुसलमानांचे आणि पिढीजात मल्लांचे. वडील महंमद अजीज बक्ष हे स्वतः नामांकित पहिलवान होते. पण मुलगा सहा वर्षांचा असतानाच ते वारले. प्रथम आजोबा नून पहिलवान यांनी आणि त्यांच्या पश्चात मामा इदा पहिलवान यांनी त्याला सांभाळले. वडिलांनी या मुलाला मल्ल करावयाचे योजिले होते आणि ती इच्छा पुरी करणे हे मामाने आपले कर्तव्य मानले. पोरक्या मुलाचे लाड करण्यास घरात वाव नव्हता. वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी तो पाचशे जोर, पाचशे बैठका काढीत असे आणि कुस्तीचा हौद फावड्याने उकरून माती भुसभुशीत करीत असे, असे त्याचे चरित्रकार सांगतात.

याच काळातला त्याचा आहार लक्षात घेण्याजोगा आहे. दूध, बदाम आणि फळांचा रस यांवर हा मुलगा वाढवला गेला. पंधराव्या वर्षापर्यंत त्याला मांस दिले गेले नाही. पुढे मात्र मांसाचा अर्क, म्हणजे यखनी, त्याच्या खुराकात आली. मांसाहाराची सवय असलेल्या घरात हा निर्बंध का, असा प्रश्न पडतो. जुन्या वस्तादांची समजूत अशी की कोवळ्या वयात मांस जड पडते, मुलगा सुस्त होतो आणि अंगाची लवचीकता जाते. या समजुतीला आजच्या आहारशास्त्रात आधार सापडणे कठीण. परंतु तिच्यामागे खुराक मेहनतीच्या मापाने वाढवावा, मेहनतीच्या पुढे धावू देऊ नये, असा जो विचार होता, तो मात्र पक्का होता.

१८८८ साली जोधपूरच्या महाराजांनी देशभरच्या मल्लांची एक स्पर्धा भरवली. तीत बैठकांची चढाओढ होती. चारशेहून अधिक मल्ल उतरले आणि त्यांत दहा वर्षांचा गामाही होता. एकेक जण थकून बाजूला होत गेला. शेवटी उरलेल्या पंधरा जणांत हा पोर अजून उठाबशा काढीत होता. महाराजांनी त्याचे वय पाहून त्यालाच विजयी ठरवले. पुढे आठवडाभर त्याला अंथरुणावरून उठता आले नाही म्हणतात. गौरवाच्या वर्णनात ही गोष्ट बहुधा गाळली जाते. मला ती महत्त्वाची वाटते. अतिश्रमाने स्नायू अक्षरशः फाटतात, आणि विश्रांती व अन्न मिळाले तरच ते पूर्वीपेक्षा दणकट होऊन जुळतात. त्या मुलाला दोन्ही मिळाले. ज्यांना मिळत नाही त्यांच्या बाबतीत तोच अतिश्रम केवळ झीज ठरतो.

या स्पर्धेनंतर दतियाच्या महाराजांनी त्याला आपल्या आश्रयाला घेतले. ग्वाल्हेर-झाशीच्या परिसरातील हे लहानसे संस्थान; त्याचे नाव आज जे थोडेफार ऐकू येते त्यात गामांचा वाटा मोठा आहे. येथून त्यांची खरी घडण सुरू झाली. रोजच्या मेहनतीचे जे आकडे सांगितले जातात ते डोळे विस्फारणारे आहेत : तीन हजार जोर, पाच हजार बैठका, आणि आखाड्यातल्या चाळीस जोडीदारांशी पाठोपाठ लढत. गळ्यात दगडाची कडी, म्हणजे हसली, घालून बैठका काढण्याचाही त्यांचा प्रघात होता. त्यांची म्हणून ओळखली जाणारी ९५ किलो वजनाची हसली पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. रिकाम्या अंगाने काढलेल्या हजारो बैठकांनी दम वाढतो; पण बळ वाढवायचे तर अंगावरचा भार वाढवत न्यावा लागतो, हे आजचे तत्त्व त्या दगडी कडीत आधीच होते.

आता खुराक. दहा लिटर दूध, अर्धा लिटर तूप, दीड पौंड बदामांची पेस्ट, फळांचा रस, आणि सहा गावठी कोंबड्या किंवा तेवढ्याच मांसाची यखनी, असा त्यांचा दिवसाचा आहार ठिकठिकाणी छापलेला आढळतो. आमच्या पिढीने हे आकडे तालमीच्या कट्ट्यावर बसून ऐकले आणि त्यांत थोडी भर घालून पुढच्यांना सांगितले. थोडा हिशेब करून पाहू. दहा लिटर गाईच्या दुधातून सुमारे साडेसहा हजार कॅलरी मिळतात. म्हशीचे असल्यास नऊ-दहा हजार. अर्ध्या लिटर तुपाच्या चार हजारांच्या वर आणि तितक्या बदामांच्या जवळपास चार हजार. कोंबड्या बाजूला ठेवल्या तरी बेरीज चौदा हजारांच्या पलीकडे जाते. साध्या बैठ्या माणसाला दिवसाकाठी दोन-सव्वादोन हजार पुरतात. मोठ्या देहाच्या मल्लाला पाच हजार बैठकांसाठी, ढोबळमानाने, आणखी दोन हजार लागतील; जोर आणि कुस्त्या धरल्या तरी चौदा हजार खर्च होणे कठीण. इतके अन्न रोज पोटात गेले असते तर गामा वर्षभरात हौदातून वर येण्याच्याही स्थितीत राहिले नसते. तेव्हा हे आकडे एखाद्या विशेष दिवसाचे असावेत किंवा भाविकांनी फुगवलेले असावेत.

पण गंमत पुढे आहे. हा खुराक निम्मा केला, कोंबड्या तर पूर्णच वगळल्या, तरी पाच लिटर दुधातून सुमारे १६० ग्रॅम प्रथिने मिळतात आणि बदामांतून आणखी सत्तर-एक. वजनाच्या मेहनतीने स्नायू वाढवू इच्छिणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात, त्यापलीकडे फारसा लाभ होत नाही, असा आजच्या अभ्यासकांचा सर्वसाधारण निष्कर्ष आहे. गामांचे वजन नव्वद किलोंच्या आसपास धरले तर त्यांना दीडशे ग्रॅम पुरत होती. म्हणजे दंतकथेतला निम्मा भाग टाकून दिल्यावर जे उरते ते शास्त्राला मान्य होणारे आहे. इदा पहिलवानाने प्रथिन हा शब्द ऐकलेला नव्हता. पण दूध आणि बदाम यांवर पोसलेला मुलगा आणि केवळ भाकरीवर पोसलेला मुलगा सारखेच जोर काढूनही सारखे होत नाहीत, हे त्याने पिढ्यान्पिढ्या पाहिले होते.

येथे आपल्याकडच्या एका समजुतीचा उल्लेख करणे भाग आहे. खुराक घेतला की शरीर होते, असे मानणारे पुष्कळ आहेत. घरोघर हिवाळ्यात बदाम भिजत घातले जातात आणि ते खाणाऱ्यांपैकी फारच थोडे पाच बैठका काढतात. शरीराचे वजन म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. त्यात स्नायू, मेद, हाडे आणि पाणी यांचे वेगवेगळे हिस्से असतात. काट्यावर दोन माणसे सारखीच भरतील, पण एकाच्या वजनात मांडीचा स्नायू असेल तर दुसऱ्याच्या वजनात पोटाचा घेर. जादा अन्न कोठे जाणार हे पुष्कळसे मेहनत ठरवते. स्नायूंवर भार पडला असेल तर त्यातला काही भाग तेथे बांधणीला लागतो. नसेल तर सगळे चरबीच्या रूपाने साठते. याच्या उलट, भार आहे पण अन्न अपुरे आहे, असे फार काळ चालले तर शरीर आपलेच स्नायू मोडून निर्वाह करते. तालमीत जाऊन अधिकच खंगलेली गरीब घरची मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

गामांचा देह पाश्चात्त्य व्यायामपटूंच्या देहासारखा दिसत नसे. युजेन सँडोच्या छायाचित्रांत प्रत्येक स्नायू रेखून काढल्यासारखा वेगळा दिसतो. गामांच्या छायाचित्रांत मान, खांदे आणि मांड्या यांचा एकसंध, गोलसर भरीवपणा दिसतो; स्नायूंवर मेदाचे पातळ अस्तर आहे. कुस्तीच्या मल्लाला ते उपयोगी पडते, कारण त्याला दिवसभर लोकांच्या अंगाचा मार सोसावयाचा असतो. सँडोचे शरीर पाहण्यासाठी होते आणि गामांचे वापरण्यासाठी होते, असे म्हटले तर सँडोवर थोडा अन्याय होईल. परंतु दोघांच्या आहार-व्यायामाची उद्दिष्टे भिन्न होती आणि तदनुसार देहही भिन्न घडले, एवढे निश्चित.

१८९५ साली, सतरा वर्षांच्या गामाने गुजरानवाल्याच्या रहीम बक्ष सुलतानीवाला यांना आव्हान दिले. रहीम बक्ष हे जवळजवळ सात फूट उंचीचे, त्या काळचे सर्वांत बलाढ्य मल्ल. कुस्ती बरोबरीत सुटली आणि गामांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी दतियात गुलाम मोहिउद्दीन, भोपाळात प्रतापसिंह, इंदुरात अलीबाबा सैन, मुलतानात हसन बक्ष अशा एकाहून एक मल्लांना पाडले. इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरांत गामांच्या आठवणी पिढ्यान्पिढ्या सांगितल्या जातात, त्याचे कारण हे. संस्थानिकांच्या आश्रयाने कुस्ती चालली होती आणि त्या आश्रयदात्यांत होळकर, शिंदे, गायकवाड ही मराठी घराणी अग्रभागी होती.

१९१० साली गामा आपले धाकटे बंधू इमामबक्ष यांच्यासह लंडनला गेले. उंची कमी म्हणून त्यांना स्पर्धेत प्रवेश मिळाला नाही. तेव्हा त्यांनी कोणत्याही वजनाच्या तिघा मल्लांना अर्ध्या तासात पाडण्याचे जाहीर आव्हान दिले. प्रथम कोणी ते मनावर घेतले नाही. अखेर अमेरिकेचे डॉ. बेंजामिन रोलर पुढे आले. पेशाने ते वैद्य. गामांनी त्यांना पहिल्या वेळी दीड-पावणेदोन मिनिटांत आणि दुसऱ्या वेळी नऊ-साडेनऊ मिनिटांत चीत केले. १० सप्टेंबर रोजी पोलंडचे स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांच्याशी सामना झाला. झिबिस्को गामांपेक्षा चाळीस-पन्नास पौंडांनी जड होते. प्रारंभीच्या मिनिटांतच गामांनी त्यांना खाली आणले आणि मग झिबिस्कोंनी पालथे पडून जमीन धरली ती अडीच तासांहून अधिक काळ सोडली नाही. प्रेक्षक कंटाळले, कुस्ती बरोबरीची ठरली. आठवड्याने, १७ सप्टेंबरला, पुन्हा लढत ठरली. झिबिस्को आलेच नाहीत आणि विजेतेपदाचा पट्टा गामांना मिळाला.

ही कुस्ती नीरस होती खरी, परंतु तिच्यातून एक गोष्ट दिसते. अडीच तास एका अवजड मनुष्याला उपटण्याचा प्रयत्न करीत राहणे, हे केवळ बळाचे काम नव्हे. बळ आणि दम ही दोन्ही एका देहात आणणे अवघड असते, कारण एकाच्या मेहनतीने दुसऱ्याची वाढ मंदावते. हसली आणि हजारो बैठका, दोन्ही एकत्र करून आणि त्याला पुरेल इतके अन्न देऊन हे साधले गेले होते. अन्न कमी पडले असते तर यांपैकी एक गोष्ट सुटली असती.

१९११ साली अलाहाबादेत गामांनी रहीम बक्ष यांना हरवून रुस्तम-ए-हिंद हा किताब मिळवला. दुसऱ्याच वर्षी कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान सुरू झाले आणि तेथे इमामबक्ष लढले. १९२२ साली भारतभेटीस आलेल्या इंग्लंडच्या युवराजांनी गामांना चांदीची गदा दिली. पुढे त्यांना पतियाळाच्या महाराजांचा आश्रय लाभला. तेथे जानेवारी १९२८ मध्ये झिबिस्को पुन्हा समोर आले. दोघेही पन्नाशीला टेकलेले. हजारो लोक तासनतास बसण्याच्या तयारीने जमले होते आणि कुस्ती एका मिनिटाच्या आत संपली. पुढल्या वर्षी जेस पीटरसन या मल्लाला त्यांनी असेच दीड-दोन मिनिटांत पाडले. वय वाढते तसे स्नायू घटतात आणि त्यांच्या जागी मेद भरतो, हा निसर्गक्रम. पण भाराचा व्यायाम आणि पुरेसा आहार यांनी तो पुष्कळ लांबवता येतो, हे आज वैद्य सांगतात. पतियाळाच्या हौदात पन्नास वर्षांचा मनुष्य ते दाखवून गेला.

वडोदऱ्याच्या वाचकांसाठी एक विषयांतर. ज्या संस्थानाने १९१० नंतर बॉर्डन यांना बोलावून गावोगाव ग्रंथालये उघडली, त्याच संस्थानात जुम्मादादांचा आखाडा नांदला आणि त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव यांनी त्याला देशभर नावलौकिक मिळवून दिला. येथूनच दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी १९३६ पासून व्यायाम-ज्ञानकोशाचे दहा मराठी खंड काढले. जुन्या मराठी ग्रंथालयांच्या कपाटांत हे खंड असतात आणि त्यांवर धूळ बसलेली असते. जोर, बैठका, मल्लखांब, मालीश, कुस्तीचे डाव, सगळे इतक्या तपशिलाने अन्य भारतीय भाषेत क्वचितच आले असेल. सभासदांनी एकदा तरी ते मागवून पाहावेत.

आता त्या खर्चाकडे वळू. दहा लिटर दूध म्हणजे दोन चांगल्या म्हशींचे दिवसभराचे दूध. ते निम्मे धरले तरी एक म्हैस एका मल्लासाठी राखून ठेवावी लागते. त्यात बदाम, तूप, फळे, मालीश करणारे, स्वयंपाकी आणि चाळीस जोडीदार, ज्यांना स्वतःचाही खुराक हवाच. शेतकऱ्याच्या किंवा कारागिराच्या कमाईत हे बसणारे नव्हते. एक मल्ल पोसणे म्हणजे एक हत्ती पोसणे अशी संस्थानी व्यवस्था होती, आणि हत्तीप्रमाणेच मल्लही संस्थानाच्या वैभवाचा भाग समजला जाई. गामांचा देह त्यांच्या मेहनतीचा होता तितकाच दतिया आणि पतियाळा यांच्या खजिन्याचा होता. शाकाहारावर वाढलेल्या कोडी राममूर्तींसारख्या बलवंतांचे उदाहरण देऊन मांसाशिवाय शरीर होते की नाही, यावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाले. दुधाची धार कोणाच्या पैशाने चालते, हा प्रश्न मात्र त्या वादात फारसा कोणी विचारला नाही.

१९४७ साली देशाची फाळणी झाली आणि पाठोपाठ संस्थाने विलीन झाली. गामा लाहोरला होते. त्या दंगलीच्या दिवसांत त्यांनी आपल्या वस्तीतील हिंदू कुटुंबांच्या दारांशी आपल्या पठ्ठ्यांसह उभे राहून त्यांचे रक्षण केले आणि त्यांना सुखरूप सीमेकडे रवाना केले, अशी आठवण सांगितली जाते. परंतु ज्यांनी त्यांचा खुराक चालवला ते राजे आता सीमेच्या या बाजूला होते आणि राजे म्हणूनही उरले नव्हते. नव्या राष्ट्राला वृद्ध मल्लाची आठवण उशिरा झाली. हृदयविकार आणि दमा यांनी त्यांना घेरले. ज्या छातीने झिबिस्कोला अडीच तास दाबून ठेवले होते, तिच्यात श्वास पुरेना. औषधोपचाराचे पैसे नव्हते. ही वार्ता भारतात पोहोचली तेव्हा कुस्तीचे चाहते असलेले उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी रोख मदत पाठवली आणि दरमहा वेतन सुरू केले. पाकिस्तान सरकारनेही पुढे काही जमीन आणि उपचारांचा खर्च दिला.

मेहनत थांबली की स्नायू राहत नाहीत. राखण्यापुरतेही रोज काही द्यावे लागते. खाटेवर पडलेल्या मनुष्याला ते देता येत नाही. अखेरच्या वर्षांत त्यांना पाहणाऱ्यांनी त्या भव्य चौकटीवर सैल पडलेले अंग पाहिले. २३ मे १९६० रोजी लाहोरमध्ये गामा वारले. त्यांचे पुतणे, इमामबक्ष यांचे चिरंजीव भोलू पहिलवान, यांनी घराण्याची कुस्ती पुढे चालवली.